राज्य आपलं, मग फाईल कुणाची?

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



पाळी सुटल्यावर घरी न जाता तुम्ही थेट इथं आलात. डोक्यात अजून साच्यांचा खडखडाट असेल, केसांत कापूस असेल. तेव्हा लांबण लावत नाही. आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. ती म्हणजे सरकारी कागद. सरकारच्या कपाटात कुलूपबंद असलेला, जनतेनं मागितला की "संवेदनशील आहे, देता येत नाही" असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, तो कागद.

तुम्ही म्हणाल, हा कारकुनांचा आणि वकिलांचा विषय. साच्यावर उभं राहणाऱ्याला त्याचं काय? तर आधी आपल्याच घरातली गोष्ट सांगतो.

आमच्या खात्यात एक बदली कामगार होता. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कायदा ती सलग नोकरी धरतो. हा म्हणे, माझे दिवस भरले. हापीस म्हणे, भरले नाहीत. आम्ही म्हटलं, वाद कशाला, हजेरीचं मस्टर काढा. तर उत्तर आलं, मस्टर पावसात भिजलं, पानं चिकटली. वर्षभर हेच उत्तर. शेवटी युनियननं लेबर कोर्टात अर्ज केला, कोर्टानं मस्टर हजर करायला सांगितलं, आणि तेच भिजलेलं मस्टर कोरडं ठणठणीत बाहेर आलं. दिवस निघाले २५२! माणूस खरा होता, पण कागद दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून वर्षभर तो खोटा ठरला. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती आपली भाकरी. हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता गिरणीच्या फाटकातून बाहेर या. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या कामगारांना घरं देण्याची योजना आहे. त्यासाठी काय सिद्ध करावं लागतं? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर होता, हे. म्हातारा मेला, गिरणी पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला. पण त्याच्या विधवेनं पत्र्याच्या पेटीतून चाळीस वर्षांपूर्वीचं तिकीट, हजेरीचा कागद, फंडाचा कागद काढून दाखवला पाहिजे. ठीक आहे, दाखवतो. पण मग आमचा सवाल आहे. ज्या सरकारला आमच्या पेटीतला चाळीस वर्षांचा कागद लागतो, त्या सरकारकडे आम्ही साठ वर्षांचा कागद मागितला, तर तो "संवेदनशील" कसा होतो? आमच्या गरिबीला गुपित नाही, आणि त्यांच्या चुकीला मात्र गुपित! हा कुठला न्याय?

बंधूंनो, कागद दडवण्याच्या तीन तऱ्हा आम्ही पाहिल्या आहेत. एकेक सांगतो.

पहिली तऱ्हा म्हणजे कागद जन्मालाच येऊ द्यायचा नाही. २१ नोव्हेंबर १९५५ हा दिवस तुम्हाला सांगायला नको. संपाचा दिवस होता, कामगार फ्लोरा फाउंटनला जमला आणि गोळ्या सुटल्या. पंधरा माणसं गेली. पुढं १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा पंडित नेहरूंनी केली, आणि त्यानंतर गिरणगावात जो गोळीबार झाला, त्याचे डाग कित्येक चाळींतल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपण १०६ हुतात्मे म्हणतो, त्यांत किती गिरणीतले होते हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारावं. त्या वेळी लोकांची मागणी काय होती? फार मोठी नव्हती. न्यायालयीन चौकशी करा, एवढीच. हुकूम कुणी दिला, आधी इशारा दिला होता का, पळणाऱ्यावर गोळी का सुटली, हे न्यायाधीशासमोर शपथेवर सांगा. मोरारजी देसाईंच्या सरकारनं चौकशी नाकारली.

तेव्हा दिल्लीत अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, कोकणातला माणूस, चळवळीतला नव्हे, मोर्च्यातला तर नव्हेच. त्यांनी मंत्रिपद सोडलं. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली हे एक कारण. आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून त्यांनी दुसरंही बोलून दाखवलं, की इतकी माणसं मेली आणि सरकार न्यायालयीन चौकशीला तयार नाही. हिशेबाचा माणूस होता तो. जिथं हिशेब दाखवत नाहीत तिथं काहीतरी चुकलेलं आहे, एवढं त्याला कळत होतं.

१ मे १९६० ला राज्य मिळालं. चौकशी मात्र मिळाली नाही. चौकातल्या दगडावर आपण हार चढवतो, पण त्या माणसांना कुणी मारलं हे सांगणारा न्यायाधीशाच्या सहीचा एक कागद या राज्याच्या दप्तरात नाही.

दुसरी तऱ्हा अशी, की कागद तयार होतो, पण कपाटात जातो. १९६२ साली चीनशी युद्ध झालं. आपला पराभव झाला. कृष्ण मेनन गेले, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये आपले यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, म्हणून सगळ्या महाराष्ट्राची छाती फुगली. आमच्या बापजाद्यांनी संरक्षण निधीला पगारातले पैसे दिले. पराभव का झाला हे तपासायला लष्करानं दोन अधिकारी नेमले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत. भगत म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला शिपाईगडी, तोंडपुजा नव्हे. १९६३ मध्ये त्यांचा अहवाल आला. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतराव संसदेत उभे राहिले. शिक्षण कमी पडलं, सामान कमी पडलं, हुकमाच्या साखळीत गोंधळ होता, असा थोडका गोषवारा त्यांनी दिला. पण अहवाल? तो उघड केला तर देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे आणि सीमेवरच्या जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, म्हणून देता येत नाही, असं सांगितलं.

त्या दिवशी कदाचित ते बरोबरही असेल. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. पण बंधूंनो, पुढं काय झालं ते ऐका. सरकारं आली, गेली. कुलूप तेच. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं, अहवालातला मजकूर अतिशय संवेदनशील आहे आणि आजही लष्करी कामाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. म्हणजे ४७ वर्षांनंतरसुद्धा! मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं अहवालाचा मोठा भाग जगापुढं टाकला. म्हणजे चीननं वाचला, पाकिस्ताननं वाचला, ज्याला इंग्रजी येतं त्या साऱ्या जगानं वाचला. तेव्हा विरोधी बाकावर असलेले अरुण जेटली म्हणाले, असे कागद कायमचे का दडवून ठेवायचे? बरोबर बोलले. मे महिन्यात त्यांचं सरकार आलं, तेच संरक्षणमंत्री झाले, आणि जुलै २०१४ मध्ये त्यांच्याच खात्यानं राज्यसभेत उत्तर दिलं, की अहवाल पुरा किंवा थोडाही उघड करणं राष्ट्रहिताचं नाही!

मार्च ते जुलै. चार महिने. चार महिन्यांत कागद बदलला नाही, एक अक्षर बदललं नाही. फक्त माणसाची खुर्ची बदलली. म्हणून आम्ही सांगतो, हा अमक्या पक्षाचा दोष, तमक्या पुढाऱ्याचा दोष, असं म्हणून सुटू नका. बाकावर बसून मागायचं आणि खुर्चीवर बसून नाकारायचं, ही सगळ्यांचीच रीत आहे.

तिसरी तऱ्हा, परदेशाची भीती घालायची. नेताजी सुभाषबाबूंचं काय झालं, यासाठी १९५६ ला समिती, १९७० ला आयोग, १९९९ ला पुन्हा आयोग. लोक म्हणत होते, फायली द्या. उत्तर एकच: परराष्ट्रांशी संबंध बिघडतील. २०१४ साली सरकार बदलल्यावरसुद्धा हेच उत्तर आलं. पण लोकांनी पिच्छा सोडला नाही. १८ सप्टेंबर २०१५ ला पश्चिम बंगाल सरकारनं आपल्याकडच्या ६४ फायली उघडल्या, आणि २३ जानेवारी २०१६ ला पंतप्रधान मोदींना दिल्लीत १०० फायली उघडाव्या लागल्या. पुढं आणखीही आल्या. मग? कुठल्या देशानं आपला वकील परत नेला? कुठं तोफ डागली गेली? काहीच झालं नाही. २०१५ सालीच जुन्या गुप्त कागदांतून कळलं ते एवढंच, की स्वातंत्र्यानंतरही १९४८ ते १९६८, वीस वर्षं, नेताजींच्या घरच्या माणसांवर सरकारचे हेर पाळत ठेवून होते. परदेश रागावेल ही भीती दाखवली, आणि दडवली होती ती आपलीच लाज!

कुणी म्हणेल, मग काय सरकारनं सगळंच चव्हाट्यावर मांडावं? नाही. आम्ही उद्याच्या मोहिमेचा नकाशा मागत नाही. पलटण कुठं आहे, बिनतारी संदेशाची खूण काय, हे आम्हाला नको. गिरणी कामगाराच्या घरातलीच पोरं पलटणीत आहेत, त्यांच्या जिवाची काळजी आम्हाला जास्त. पण ज्याला काळ लोटला, ज्यातले सेनापती आणि मंत्री दोन्ही देवाघरी गेले, त्या कागदाला मुदत हवी की नको? आमच्या ताग्यात एक धागा तुटला तर तागा टेबलावर पसरून आम्हाला दाखवतात आणि पगारातून कापतात. मग देशाचा तागा फाटला, तर तो टेबलावर का येत नाही?

आता भाषेचा मुद्दा. हे पुस्तक मराठी राज्याच्या चळवळीचं आहे, तर तुम्ही विचाराल, फायलीचा आणि भाषेचा संबंध काय? सगळा संबंध तोच आहे. आपण मराठी राज्य कशासाठी मागितलं? मंत्र्याचं आडनाव मराठी असावं म्हणून? नाही. चौथी शिकलेल्या माणसाला आपल्या सरकारचा कागद आपल्या डोळ्यांनी वाचता यावा म्हणून. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, मराठी राज्यकारभाराची भाषा ठरली. पण फाईल मराठीत लिहिली आणि कपाटात घातली, तर ती इंग्रजीत असली काय आणि मराठीत असली काय! यशवंतराव आपले होते, मराठीत बोलत होते. कुलूप मात्र इंग्रजाचंच राहिलं. इंग्रज १९४७ ला गेला, त्याचा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा इथंच राहिला. कागद बंद असेपर्यंत मराठी राज्य अर्धंच मिळालं, असं आम्ही मानतो.

आणि कागद उघडतो, हेही आम्ही पाहिलं आहे. राजस्थानात मजूर-किसानांची एक संघटना १ मे १९९० ला उभी राहिली. दिवस बघा, कामगार दिन, आपला महाराष्ट्र दिन. ते दुष्काळी कामावरचे मजूर. त्यांनी काय मागितलं? मस्टर! आपल्या त्या बदलीवाल्यासारखंच. मस्टर गावापुढं वाचून दाखवा म्हणाले, आणि वाचल्यावर मेलेल्या माणसांच्या नावानं उचललेली मजुरी बाहेर आली. १९९६ साली ब्यावर गावात चाळीस दिवस ते रस्त्यावर बसले. त्या मागणीतून वाढत वाढत २००५ सालचा माहितीचा अधिकार आला. कुणा पुढाऱ्यानं दान दिलेला नाही, खडी फोडणाऱ्या हातांनी तो ओढून आणला आहे.

तो कायदा वापरा. दहा रुपये फी, साध्या कागदावर अर्ज, मराठीत चालतो, तीस दिवसांत उत्तर. त्याच कायद्यात लिहिलं आहे, की वीस वर्षांपूर्वीची माहिती, थोडे अपवाद सोडले, तर द्यावीच लागते. २०२१ साली संरक्षण खात्यानंही ठरवलं, की युद्धाचे कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे. १९६२ अधिक २५ म्हणजे १९८७. हे गणित चौथीतलं पोरही करील.

म्हणून आज या सभेतून आपण तीन गोष्टी मागू. एक, १९५५-५६ च्या गोळीबाराचे जे जे कागद सरकारकडे असतील, पोलिसांचे हुकूम, इस्पितळांच्या नोंदी, मंत्र्यांचे शेरे, ते सगळे एकत्र करून मराठीत छापा आणि गिरणगावातल्या वाचनालयांत ठेवा. दोन, प्रत्येक गुप्त फाईलीवर उघडण्याची तारीख घाला. तारीख पुढं ढकलायची असेल तर कारण विधानसभेत सांगा. तीन, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून, मग तो आपला लाडका पुढारी का असेना, हे लिहून घ्या: खुर्चीवर बसल्यावर मी फाईल उघडीन. आणि तो लिहिलेला कागद आपल्या पेटीत जपून ठेवा. तिकीट जपता ना, तसाच.

आमच्या माणसांनी फ्लोरा फाउंटनला छाती उघडी केली होती. सरकारला निदान कपाट उघडायला काय हरकत आहे?

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!