सायकलवाल्याचे टाइम टेबल
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



दर रविवारी पहाटे हेल्मेट घालून हुबळीहून धारवाडच्या रस्त्याला लागणारा माणूस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. "साहेब, पगार वेळेवर होतो ना? मग गाडी घ्या की!" असा सल्लाही काहींनी दिला आहे. गाडी दारात आहे. तरीही सायकल का, हे सांगायची संधी मंडळाने दिली, त्याबद्दल आभार.

आम्हा हौशी मंडळींचा आवडता प्रकार म्हणजे 'ब्रेव्हे'. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो. अंतर २००, ३००, ४०० किंवा ६०० किलोमीटर आणि मुदत अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास. वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर ठरलेल्या वेळेत पोचून नोंद करायची. एका हंगामात चारही अंतरे पूर्ण केली की 'सुपर रँडोनर' हा किताब मिळतो. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ही संस्था जगभरच्या ब्रेव्हेंची नोंद ठेवते.

२०० किलोमीटरचा हिशेब केला तर सरासरी ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा पडत नाही. ऐकायला सोपे वाटते. पण त्यात चहा, जेवण, पंक्चर, घाट सगळे आले. आपल्या रेल्वेतही कमाल वेग वेगळा आणि कमर्शियल स्पीड वेगळा. गाडी धावताना नव्हे, थांबताना वेळ गमावते. सायकलवालाही ढाब्यावरच लेट होतो!

मग जोरात का मारू नये? कारण वारा. वेग २० वरून ३० केला, म्हणजे दीडपट केला, तर नुसत्या हवेशी झुंजायला सुमारे सव्वातीनपट ताकद लागते. म्हणून शहाणा सायकलस्वार एकसारखा चालवतो. चेनला तेल, टायरमध्ये योग्य हवा आणि मागे लाल दिवा, ही त्याची मेंटेनन्स. शेवटच्या डब्यामागे टेल लॅम्प किंवा एल. व्ही. बोर्ड दिसल्याशिवाय स्टेशन मास्टर गाडी पूर्ण आली असे मानत नाही. अंधारात दिवा नसलेला सायकलस्वार ट्रक ड्रायव्हरला दिसतच नाही.

आता मुख्य मुद्दा. ४०० आणि ६०० किलोमीटरमध्ये रात्र लागते आणि पहाटे तीनला डोळे मिटू लागतात. रनिंग स्टाफच्या ड्युटीच्या तासांवर कंट्रोलचे लक्ष असते. सायकलस्वाराला रिलीफ देणारा कोणी नसतो. एका ४०० च्या ब्रेव्हेत माझा एक सोबती तीनशे किलोमीटरनंतर एका ढाब्यावर उतरला. आयोजकांना फोन केला, खाटेवर झोपला आणि सकाळच्या पॅसेंजरने घरी गेला. वेळ हातात होता, पायात ताकद होती, फक्त झोप आवरत नव्हती. पुढच्या हंगामात त्याने तेच अंतर पूर्ण केले. मला तो पूर्ण केलेल्या दिवसापेक्षा थांबलेल्या दिवशी मोठा वाटला. हौशी माणसाला सोमवारी ड्युटीवर जायचे असते आणि घरी वाट पाहणारी माणसे असतात. हे विसरला की तो हौशी राहत नाही, हट्टी होतो.

हौशी म्हणजे कच्चा असे मात्र समजू नका. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. चौघेही पेशाने डॉक्टर!

माझे स्वप्न पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. १८९१ साली सुरू झालेली, आता दर चार वर्षांनी होणारी १,२०० किलोमीटरची वारी. मुदत जास्तीत जास्त नव्वद तास. २०२३ ची झाली, आता २०२७ ची. पाय तयार होतील; रजा मंजूर होणे बाप्पाच्या हाती!

तुम्हाला एवढे अंतर कोणी सांगत नाही. डॉक्टरांना एकदा विचारा, जुनी सायकल दुरुस्त करून घ्या आणि रविवारी पाच किलोमीटर या. मागचा दिवा मात्र आधी लावा.

गणपती बाप्पा मोरया!