मनगटाची जीभ

माझं बोलणं जड लागंल. घाई करू नका, मी पण करणार नाही.

मी इथं दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड. पोट जिभेवर. अंधारी दाखवायची, मेंढा तोफ दाखवायची, अन् १९३४ साली हौदावर तोंड-पाय धुतले म्हणून बाबासाहेबांना कसं घेरलं, तेही सांगायचं. हे सगळेच सांगत नाहीत. गालात तंबाखू-चुना कायम. गुटख्यावर तर राज्यात २०१२ साली बंदी आली. टपरीला कुणी कळवलं नाही वाटतं.

जिभेच्या डाव्या कडेला फोड आला. दुखेना, म्हणून चार महिने घालवले. निघाला कॅन्सर. अर्धी जीभ गेली, मानेतल्या गाठी गेल्या.

मग भरली कशानं? ह्या हातानं. बघा चट्टा. पंजाला रक्त पोचवणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या मनगटातून जातात. डॉक्टरनं दोन्ही दाबल्या, पंजा पांढराफटक. करंगळीकडची सोडली, पंजा लाल. म्हणजे अंगठ्याकडची नेली तरी हात जगणार. चामडी, चरबी, रक्तवाहिनी सगळं एकत्र उचललं, तोंडात शिवलं, मानेतल्या वाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडलं. हाताला मांडीची चामडी लावली. चिनी सर्जनांनी ही रीत १९८१ साली छापून जाहीर केली. खड्डा मोठा असला तर मांडीचं नाहीतर छातीचं मांस घेतात. पहिले काही दिवस नर्स रात्री उठवून तुकडा बघायची. सुई टोचली अन् लालभडक रक्त आलं, की जिवंत.

ह्या तुकड्याला चव नाही. तो स्वतः हलत नाही. मनगटाचे केस तोंडात उगवतात, हसा खुशाल! त्याचं काम एवढंच, की उरलेली जीभ खाली चिकटू नये, तिला फिरायला जागा राहावी. बोलते ती उरलेली अर्धीच.

‘दौलताबाद’ म्हणून बघा. ब सोडला तर सगळी अक्षरं जिभेच्या शेंड्याची. ट, ड, ळ तर जीभ वळल्याशिवाय नाहीतच. माझ्या तोंडून पहिल्यांदा साफ काय निघालं? ‘भीम’. भ अन् म, दोन्ही ओठांचे. ‘जय’ म्हणायला पुढं दोन महिने आरशासमोर बसावं लागलं. आता हौदाजवळ उभा राहून पुन्हा सांगतो, सावकाश. लोक थांबतात.

सभा सुटल्यावर दारात टॉर्च घेऊन उभा आहे. जीभ बाहेर काढायची, डावीकडे, उजवीकडे. तीन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर उद्या सकाळच्या एसटीनं माझ्यासोबत दवाखान्यात यायचं. रेशनकार्ड घ्या बरोबर.