प्रतिनिधी कोणाचा?

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिक्षकी अभ्यासक्रम पुरा केला, खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविले आणि त्यातच माझी नोकरी संपली. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर आपल्या वसतिगृहाची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती, आणि त्या काळात महाविद्यालयाच्या व विद्यापीठाच्या खिडक्यांपुढे ताटकळणारी मुले मी फार जवळून पाहिली. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

आज ज्यांचा सत्कार झाला त्यांपैकी दोन विद्यार्थी व एक विद्यार्थिनी आपापल्या महाविद्यालयात विद्यार्थी-प्रतिनिधी म्हणून नेमली गेली आहेत. त्यांच्या गळ्यात हार पडत असता माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "चला, तेथे आता आपला माणूस बसला." हे वाक्य ऐकून मला थोडा आनंद झाला आणि पुष्कळशी भीती वाटली. त्या भीतीचे कारण सांगावे, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

विद्यार्थ्यांनी आपल्यातून कोणास तरी पुढे करून विद्यापीठाच्या चालकांशी बोलावयास पाठवावे, ही कल्पना फार प्राचीन नाही. इंग्लंडात केंब्रिजला १८१५ साली व ऑक्सफर्डला १८२३ साली विद्यार्थ्यांच्या सभा निघाल्या. परंतु त्या वादविवादाच्या सभा होत्या. तेथे वक्तृत्वाला धार येई, पण कोणा विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे दूर होत नसे. गाऱ्हाणे मांडण्यासाठी स्वतंत्र मंडळ हवे हा विचार स्कॉटलंडात रुजला. एडिंबरो विद्यापीठाचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव १८८४ साली झाला. त्याच वर्षी रॉबर्ट फिट्झरॉय बेल या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने तेथे विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ स्थापन झाले. स्ट्रासबुर्ग येथील विद्यार्थ्यांची अशी संस्था त्याच्या डोळ्यांसमोर होती. पुढे पाचच वर्षांनी, १८८९ च्या कायद्याने, स्कॉटलंडमधील विद्यापीठांतील अशा मंडळांना मान्यता मिळाली. म्हणजे, विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकणे ही चालकांची मेहेरबानी न राहता तो कायद्याने मान्य झालेला व्यवहार ठरला. त्याच एडिंबरोत १८८७ साली पॅट्रिक गेडिस यांनी विद्यार्थ्यांनीच कारभार पाहावा असे वसतिगृह उघडले. हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. तेव्हा त्या वाटेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो.

आपल्या महाराष्ट्रातील कथा मात्र सरळ नाही. येथे महाविद्यालयांतून निवडणुका होत असत. परंतु त्यांत पैसा शिरला, बाहेरची माणसे शिरली आणि हाणामाऱ्याही होऊ लागल्या. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर प्रत्यक्ष निवडणुका बंद पडल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची रीत आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी मान्य केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत असावा, छापील भित्तिपत्रके नसावीत, त्याची वर्गातील उपस्थिती किमान ७५ टक्के असावी, त्याच्यावर गुन्ह्याचा डाग नसावा, अशी बंधने त्यांत आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. अध्यक्ष व सचिव यांच्या जोडीला एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून पाळीपाळीने एक प्रतिनिधी असावा, असेही त्यात सांगितले. २०१९ साली निवडणुकीचे वेळापत्रक ठरले, परंतु विधानसभेच्या निवडणुकीमुळे तो कार्यक्रम पुढे ढकलला गेला.

नेमलेला प्रतिनिधी हुशार असतो यात शंका नाही. पण गुण मिळविणे व दुसऱ्याचे गाऱ्हाणे मांडणे ही दोन वेगळी कसबे आहेत. शिवाय ज्याच्या हातून नेमणूक झाली त्याच्यापुढे मान ताठ ठेवून बोलणे कठीण जाते. म्हणून नेमलेल्या प्रतिनिधीवर निवडून आलेल्यापेक्षा अधिक जबाबदारी आहे असे मी मानतो. निवडून आलेल्याला मतदार जाब विचारतात. नेमलेल्याला जाब विचारणारे त्याचे मनच.

आता हे काम असते तरी काय? बाहेरच्यांना वाटते की घोषणा द्यावयाच्या, स्नेहसंमेलनात व्यासपीठावर मिरवावयाचे आणि पाहुण्यांना हार घालावयाचे. खरे काम कागदाचे आहे व ते फार कंटाळवाणे आहे. दोन विषयांचे पेपर एकाच वेळी आले; हॉल तिकिटावर नाव चुकले; निकालात हजर विद्यार्थी गैरहजर दाखविला; शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरला पण बँकेच्या खात्याशी आधार क्रमांक जोडला नाही म्हणून पैसे अडले. अशा एकेका गाठीत एकेका मुलाचे वर्ष अडकलेले असते. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली गेली आणि हजारो विद्यार्थ्यांचे निकाल रखडले. परगावी वा परदेशी पुढील प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांचे त्या वेळी काय झाले असेल याची कल्पना करा. सर्व विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडून आलेला एखादा प्रतिनिधी त्या निर्णयाच्या वेळी समोर असता, तर निदान "आधी थोड्या विषयांत करून पाहा" एवढे तरी त्याने म्हटले असते.

प्रतिनिधीच्या हाती काही साधनेही आहेत. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावयास हवी. तिने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यावयाचा आणि त्याने समाधान न झाल्यास लोकपालाकडे दाद मागता येते. त्या समितीत एका विद्यार्थ्याला विशेष निमंत्रित म्हणून जागा आहे. किती मुलांना हे ठाऊक असते? प्रतिनिधीला तरी ठाऊक असलेच पाहिजे.

आणि आता, मंडळी, जी गोष्ट सांगण्यासाठी मी धीर गोळा केला आहे ती सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील एक विद्यार्थी त्याच्या महाविद्यालयात वर्गप्रतिनिधी झाला. मुलगा गुणी व आज्ञाधारक होता. परीक्षा सोमवारी सुरू व्हावयाची होती. शासनाकडून शिष्यवृत्तीची रक्कम आली नव्हती, म्हणून फी बाकी दाखवून महाविद्यालयाने काही मुलांची हॉल तिकिटे अडवून ठेवली होती. त्यांत आपल्या वसतिगृहातील पाच होते. शुक्रवारी सायंकाळी प्रतिनिधी व मी ओसरीवर अर्ज लिहीत बसलो होतो. "शिष्यवृत्ती जमा होताच फी भरू" अशा हमीपत्रावर पाचही जणांच्या सह्या घेऊन तो दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना भेटणार होता.

इतक्यात एक मुलगा फाटकातून आत आला. तो आपल्या समाजाचा नव्हता व वसतिगृहातलाही नव्हता. गावाबाहेर खोली घेऊन राहत असे. आईबाप ऊसतोडीला दूरच्या कारखान्यावर गेलेले. त्याचेही हॉल तिकीट अडले होते. तो प्रतिनिधीकडे आला होता, कारण प्रतिनिधी त्याच्या वर्गाचा होता. परंतु उत्तर दिले मी. मी त्याला म्हणालो, "बाळ, हे आपल्या मंडळाच्या मुलांचे काम चालले आहे. तुमच्याही समाजाची काही संस्था असेलच, तेथे जाऊन भेट." प्रतिनिधीने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलू पाहत होता, पण गुरुजींपुढे बोलला नाही. तो मुलगा नमस्कार करून निघून गेला.

शनिवारी आपल्या पाचही मुलांना हॉल तिकिटे मिळाली. मी पेढे आणले. सोमवारी संध्याकाळी प्रतिनिधी परीक्षेहून परत आला आणि म्हणाला, "गुरुजी, त्याचा बाक रिकामा होता." पुढे तो मुलगा त्या महाविद्यालयात पुन्हा दिसला नाही.

त्या हमीपत्रावर सहावे नाव लिहावयास एक ओळ पुरली असती. कागद तोच होता, शाई तीच होती आणि प्राचार्यही तेच होते. मी आयुष्यभर हजेरीपटावरील प्रत्येक नाव पुकारले, एकही गाळले नाही. आणि उतारवयात एका मुलाचे नाव माझ्या हाताने गाळले गेले. अडवणूक महाविद्यालयाने केली हे खरे. परंतु त्या मुलाला ज्याच्याकडे जाण्याचा हक्क होता, त्या प्रतिनिधीच्या दारातून त्याला परत पाठविणारा मी होतो. प्रतिनिधी त्याच्या वर्गाचा होता. मी त्याला आपल्या ज्ञातीचा करून टाकला.

दुसऱ्या वर्षी त्याच विद्यार्थ्याने एक वही केली. वर्गातील ज्यांचे ज्यांचे काम अडले असेल त्यांचे नाव, काम, अर्जाची तारीख, कार्यालयाचा आवक क्रमांक व मिळालेले उत्तर असे रकाने त्याने आखले. वही मला दाखवून तो म्हणाला, "गुरुजी, समाजाचा रकाना ठेवलेला नाही." मी काही बोललो नाही. मी फक्त ती वही त्याच्या हाती परत दिली व मान हलविली.

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे कोणास विपरीत वाटेल. तसे ते नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती, अशा सर्वांची मुले त्यामुळे शहरात राहून शिकू शकली. ज्या घरांत विद्येचा दिवा नव्हता तेथे आधी आपापल्या घरचा दिवा लावावा लागला. त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचेच नाव देण्यात आले. म्हणजे भाऊरावांनी महाराजांचे काम मोडले नाही, ते पुढे नेले. आपले वसतिगृह ही पहिली पायरी आहे. आपल्यातला मुलगा किंवा मुलगी प्रतिनिधी होणे ही दुसरी पायरी आहे. दुसरीवर चढलेल्याला पहिलीवर ओढून आणू नये, एवढेच माझे वडीलधाऱ्यांना सांगणे आहे.

विद्यार्थी-प्रतिनिधींनो, तुम्हांला थोडे सांगतो. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, म्हणून प्रत्येक मागणी लेखी करा व पोच घ्या. कोणते काम प्राचार्यांकडे, कोणते कुलसचिवांकडे आणि कोणते परीक्षा विभागाकडे, हे आधी समजून घ्या. चुकीच्या दारावर कितीही थापा मारल्या तरी योग्य दार उघडत नाही. मागणी नाकारली गेली तरी वर्गासमोर उभे राहून तसे सांगा. नकार कळविणे हेही प्रतिनिधीचेच काम आहे, आणि तेथेच पुष्कळांचा धीर सुटतो. अधिकाऱ्यांशी अदबीने बोला, परंतु त्यांच्या चहाला मिंधे होऊ नका. आणि जो तुमच्याकडे येतो त्याच्यापेक्षा जो येत नाही त्याची अधिक चौकशी करा. मागच्या बाकावर गप्प बसणारा, फोन न उचलणारा, चार दिवस न दिसणारा, हाच तुमचा खरा अशील. बोलक्याचे काम तुमच्यावाचूनही होऊन जाते.

शेवटी अध्यक्षमहाराजांना एक विनंती. परीक्षेच्या व शिष्यवृत्तीच्या दिवसांत आपल्या वसतिगृहाच्या ओसरीवर अर्ज भरून देण्याची जी सोय आपण करतो, ती यापुढे फाटकातून आत येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला मिळावी असा ठराव मंडळाने करावा. खर्च फार येणार नाही. एक टेबल, चार खुर्च्या आणि थोडे कागद. जरूर तर त्या कागदांचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. ज्या मुलाला मी परत पाठविले तो आता येणार नाही. परंतु त्याच्यासारखा दुसरा कोणी आला, तर ओसरीवर बसलेल्या माणसाने त्याला फक्त त्याचे नाव आणि काम विचारावे, त्याहून अधिक काही विचारू नये, अशी माझी इच्छा आहे.

 सत्कार झालेल्या सर्व विद्यार्थ्यांना माझे आशीर्वाद.