साडेसाती आकाशात नाही



नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर आपणा सर्वांस ठाऊक आहे. घरांना दारे व कुलपे न लावण्याची तेथील प्रथा प्रसिद्ध आहे. त्या प्रथेची चर्चा मला करावयाची नाही. मुलाची झोप उडाली, अभ्यास सुटला, तो कोणाशी बोलेनासा झाला, की ‘साडेसाती लागली’ म्हणून आईबाप तेल वाहावयास निघतात. त्या मुलास खरोखर काय झालेले असते, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम साडेसातीचा हिशेब पाहू. शनीला सूर्याभोवती एक फेरा करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत तो अदमासे अडीच वर्षे राहतो. जन्मरास, तिच्या मागची व पुढची, अशा तीन राशींची मिळून साडेसात वर्षे. याचा अर्थ बारांपैकी तीन राशींना साडेसाती सदैव चालूच असते. सावकार आणि कर्जदार, मारणारा आणि मार खाणारा, दोघेही तीत एकाच वेळी सापडू शकतात. मग एकाचेच मूल का कोमेजते?

याचे उत्तर शरीरशास्त्र देते. भय वाटले की मूत्रपिंडावरील ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. घटकाभर ते उपकारक असते. परंतु भय, अपमान किंवा उपासमार महिनोन्‌महिने टिकली, तर तेच द्रव्य झोप मोडते, स्मरण व एकाग्रता खालावते, डोके व पोट दुखविते. किशोरवयात मेंदूची घडण चालूच असते. म्हणून हा घाव अधिक खोल जातो. अशा मुलास आपण आळशी म्हणतो, मारतो, आणि त्याचा ताण वाढवितो. पुढे व्यसन, शाळा सुटणे, क्वचित आत्मघातही. दहा ते एकोणीस वयाच्या दर सात मुलांमागे एकास मानसिक विकार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या ताणाची कारणे जमिनीवर आहेत. याच जिल्ह्यात खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. २०१७ साली जिल्हा न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. हे ऐकून जो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेची वाट चालतो, त्याच्या छातीतील धडधड कोणत्या ग्रहाने घातली?

ग्रहावर दोष टाकला की दोन गोष्टी घडतात. अन्याय करणारा सुटतो आणि उपचार राहून जातो. बाराव्या वर्षी लागलेली साडेसाती ‘आपोआप उतरेल’ म्हणून थांबाल, तर मुलगा एकोणीस वर्षांचा होईल. तेवढ्यात त्याचे शिक्षणाचे सारे वय गेलेले असेल.

शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना एप्रिल २०१६ मध्ये प्रवेश मिळाला, तो नवसाने नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्यावर बोट ठेवले, म्हणून मिळाला. उपचाराचेही तसेच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी अहोरात्र व विनामूल्य चालतो.

तेव्हा आईबापहो, मुलास प्रथम जवळ बसवा व त्याचे सर्व ऐकून घ्या. दोन आठवडे झोप, भूक व बोलणे ताळ्यावर आले नाही, तर सरकारी रुग्णालयात न्या. मरणाची भाषा काढली, तर एक दिवसही थांबू नका. आणि शाळेत त्याचा अपमान होत असेल, तर चार जण मिळून मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करा.