आदिलाबादच्या अरण्यातील ऋतुचर्या



मठाच्या वर्धापनोत्सवात तपश्चर्येचा विषय निघाला, की दृष्टी साहजिकच हिमालयाकडे वळते. देवदारांची वने, हिमशिखरे आणि गंगातीरीचा एकान्त ही तपाची जणू अपरिहार्य सामग्री मानली जाते. हिमालय दूर, म्हणून तपही दूर, अशी पळवाट मग आपोआप सापडते. आदिलाबाद जिल्ह्यातील सामान्य जनांनी ही पळवाट स्वीकारलेली नाही. नेरडिगोंड्याजवळ कडेम नदी सुमारे 45 मीटर उंचीवरून कोसळते. त्या प्रपाताला कुंतला म्हणतात आणि हे नाव शकुंतलेवरून पडले, असे तेथील लोक सांगतात. कालिदासाच्या नाटकातील कण्वाश्रम हिमालयाच्या पायथ्याशी, मालिनीच्या तीरी आहे, हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. भूगोलाच्या कसोटीस ही लोककथा उतरत नाही. परंतु अरण्य आणि जल जेथे आहे तेथे आश्रमही असू शकतो, हा तिच्यातील भाव खराच आहे.

हिमालयवासाचे मर्म तरी कशात आहे? तेथे केव्हा चालावे आणि केव्हा थांबावे हे पर्वत ठरवितो. बदरीनाथाची कपाटे हिवाळ्यापूर्वी मिटतात आणि वैशाखाच्या सुमारास उघडतात. मधल्या काळात पूजा जोशीमठी चालते. कुमाऊंतील मायावतीचा अद्वैत आश्रम 1899 साली स्थापन झाला. स्वामी विवेकानंद 1901 च्या जानेवारीत तेथे गेले, तेव्हा भोवती बर्फ पडलेले होते. मोठ्यातल्या मोठ्या पुरुषालाही तेथे ऋतूची आज्ञा मानावी लागते. ही आज्ञा मानण्याचा अभ्यास हाच पर्वतवासाचा खरा लाभ होय.

तो अभ्यास उटनूरच्या पठारावरही घडतो. ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग ग्रीष्मापासून आरंभ होतात, आदिलाबादचे वर्षही तसेच वाचावे. उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, साग निष्पर्ण होतो. त्याआधी चैत्राच्या पहाटे मोहाची फुले गळतात आणि उन्हे चढण्यापूर्वी ती वेचून आणण्यासाठी घरोघरची माणसे रानात शिरतात. वर्षाकाळी ओढे भरतात, वाटा बुडतात. संन्याशाने चातुर्मास्यात एके ठिकाणी राहावे, वाटेवरील जीवजंतू पायाखाली तुडवू नयेत, हा नियम का झाला, ते या दिवसांत कळते. कुंतलाचे रूप याच काळात सर्वांत भव्य आणि सर्वांत घातक असते. ओल्या शिळांवरून घसरून तेथे माणसे मृत्युमुखी पडली आहेत. दुरून दर्शन घेऊन मागे फिरणे, हाही संयमच होय. शरदात दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. नंतर येणारी थंडी अशी असते, की काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो.

नेमक्या याच थंडीत या भूमीतील श्रेष्ठ पदयात्रा निघते. इंद्रवेल्लीजवळील केसलापूर येथे गोंडांच्या मेस्राम कुळाचे दैवत नागोबा आहे. पौष अमावस्येच्या महापूजेसाठी या कुळाची माणसे झारी घेऊन अनवाणी गोदावरीवरील हस्तिनमडुगुपर्यंत जातात आणि तेथील जल घेऊन पायीच परततात. वाटेत मुक्काम पडतात, रात्री उघड्यावर जातात. केसलापुरी आल्यावर ती पवित्र वडांच्या छायेत उतरतात. अमावस्येच्या रात्री त्या जलाने नागोबाला अभिषेक होतो. कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेटही याच वेळी घडविली जाते. थंडी सरल्यावर जाऊ, असे येथे कोणी म्हणत नाही. ज्या तिथीस जे करावयाचे, ते त्या तिथीस.

यावर कोणी म्हणेल, साधना ही अंतरीची वस्तू. रानावनांत हिंडून चित्त अधिकच विखुरते. सहलीच्या बाबतीत हा आक्षेप यथार्थ आहे. सहलीस निघालेला मनुष्य आपली सोय पाहून ऋतू निवडतो. व्रतस्थ मनुष्य ऋतू येईल तसा स्वीकारतो. पाठशाळेतील बटू सहा ऋतूंची नावे एका श्वासात म्हणतो. पण मोह केव्हा गळतो, हे त्यास सांगता येत नसेल, तर ती विद्या अर्धीच राहिली.

आणखी एक गोष्ट एकान्त शोधणाऱ्याने विसरू नये. त्याला जे निर्जन वाटते, ते गोंड आणि कोलाम यांचे घर आहे. या घरावरील हक्कासाठी कोमरम भीम यांनी उठाव केला आणि 1940 साली जोडेघाट येथे प्राण दिले. त्यानंतर नागोबाच्या यात्रेत दरबार भरू लागला आणि अधिकाऱ्यांना रानातील लोकांची गाऱ्हाणी त्यांच्याच देवाच्या अंगणात ऐकावी लागली. कवाल येथील अरण्य 2012 साली व्याघ्रप्रकल्प झाले. तेथे वन्यजीवांचाही अधिकार आहे. म्हणून अरण्यात पाऊल टाकताना साधकाने पाहुण्याप्रमाणे वागावे. गावातील वडीलधाऱ्यांना विचारून वाट धरावी, मोहाचे फूल वेचणाऱ्याच्या आधी उचलू नये, आणि सोबत नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी.

मठाच्या नव्या वर्षात प्रत्येक शिष्याने प्रत्येक ऋतूत एक दिवस तरी असा पायी घालवावा. हिमालयाचे दर्शन ज्याच्या भाग्यात असेल त्यास ते घडेलच. तोवर गोदावरी आणि पैनगंगा यांच्यामधील डोंगर साधनेस पुरेसे आहेत. केसलापूरची वाट चालणाऱ्यांनी ते दाखवून दिले आहे.