पिवळ्या चादरी आणि गच्चीवरचं ऊन



रौप्यमहोत्सवात चादरींवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण पंचवीस वर्षांत एकही चादर पिवळी पडली नाही असं घर आपल्या सोसायटीत दाखवा!

पांढरी सुती चादर पिवळी पडते ती घाम, अंगाचं तेल आणि बोअरच्या जड पाण्यात नीट न निघालेल्या साबणामुळे. उपाय म्हणजे धुण्याचा सोडा. बादलीभर गरम पाण्यात अर्धी वाटी सोडा विरघळवून चादर रात्रभर भिजवा. हाताने नको, काठीने ढवळा. सकाळी नेहमीसारखी धुवा. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात दोन लिंबांचा गाळलेला रस घाला. सोडा-लिंबू एकत्र करू नका. फेस छान येतो, पण दोघांचाही जोर जातो. मग चादर ओलीच कडक उन्हात टाका. ऊन म्हणजे फुकटचं ब्लीच. नीळ पिवळेपणा काढत नाही, फक्त झाकते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीही घालू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरं लहान, बंद. धुणं करणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांगा. त्रास आधी त्यांनाच होईल.

आणि समितीला विनंती: गच्चीचं कुलूप रविवारी सकाळी तरी उघडा, चार दोऱ्या बांधा. बाकीचं काम ऊन करील.