क्लस्टर डोकेदुखी : झटक्यावर प्राणवायूचा उपचार

एकाच डोळ्यामागे असह्य वेदना, त्या डोळ्यातून पाणी व त्याच बाजूची नाकपुडी चोंदणे, ही क्लस्टर डोकेदुखीची लक्षणे होत. सायनस वा दाताचे दुखणे समजून अनेकदा भलतेच उपचार होतात. झटका १५ मिनिटे ते ३ तास टिकतो. साधी वेदनाशामक गोळी लागू पडण्यास उशीर होतो. यावर शुद्ध प्राणवायू गुणकारी आहे. वैद्यकीय सल्ल्याने तो घट्ट मुखवट्यातून मिनिटास १२ ते १५ लिटर याप्रमाणे १५ मिनिटे द्यावा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत १५ मिनिटांत ७८ टक्के झटक्यांत प्राणवायूने आराम पडला. साध्या हवेने केवळ २० टक्के. सुमाट्रिप्टनचे इंजेक्शनही उपयुक्त आहे. मात्र हृदयविकार असणाऱ्यांस ते वर्ज्य होय. प्राणवायूजवळ विडी वा दिवा कदापि नसावा.